कवडशांचे गणित

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या वार्षिकांकाची मुद्रिते तपासण्यासाठी संपादक मंडळातर्फे मी दोनदा छापखान्यात गेले होते. मुद्रिते कशाला म्हणतात हेही मला तोवर ठाऊक नव्हते; शुद्धलेखन बरे म्हणून माझी निवड झाली होती, एवढेच. तिथे मशीनवर काम करणाऱ्या काकांनी स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांचे पान ओढून घेतले, खिशातून एक लहानसे भिंग काढून त्यावर ठेवले आणि एक डोळा मिटून ते पाहू लागले. मीही पाहण्यासाठी मागितले. पाहते तो काय, नाटकात राणी झालेल्या माझ्या मैत्रिणीचा चेहराच नाहीसा झाला होता! त्या जागी नुसते काळे ठिपके होते. गालाच्या ठिकाणी बारीक, हनुवटीखाली थोडे मोठे आणि केसांत तर एकमेकांत मिसळून गेलेले. सावलीचा म्हणून जो करडा रंग इतका वेळ मला दिसत होता, तो कागदावर मुळी नव्हताच.

असे का, म्हणून विचारले तर काका म्हणाले, की हे असेच असते, संगणकच ते करतो. काकांचे उत्तर खोटे नव्हते. पण संगणक नव्हता तेव्हा हे कोण करीत होते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आमचे अप्पा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यामुळे अक्षर आणि चित्र माणसाच्या हातून कसे उतरते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. खडू लावलेला दोरा ताणून भिंतीवर रेघ उमटवायची, तर दोऱ्याचे दुसरे टोक धरायला मीच असायची. काळ्या-पांढऱ्या रंगातून करडा करायचा तर अप्पा डबीत दोन्ही रंग कालवतात. छापखान्यात मात्र शाई एकच, तीही निव्वळ काळी. तिच्यातून सावली निघते कशी?

त्या शोधात ग्रंथालयातल्या मुद्रणकलेवरील एका जुन्या पुस्तकात उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे नाव मला भेटले. सत्यजित राय यांचे आजोबा एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे बहुतेकांना असते. 'गुपी गाईन बाघा बाईन' हा १९६९ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातली मूळ गोष्ट या आजोबांची हेही कदाचित माहीत असेल. बंगालमध्ये मुलांना त्यांच्या गोष्टी ठाऊक नाहीत असे घर विरळा. पण मुलांसाठी लिहिणारा हा लेखक आपल्या चित्रांपायी प्रकाशशास्त्राच्या मागे लागला आणि घरबसल्या, पुस्तके वाचून आणि प्रयोग करून, ठिपक्यांच्या छपाईतला जाणकार म्हणून विलायतेत मान्यता पावला, ही कथा आपल्याकडे कोणी फारशी सांगत नाही.

उपेंद्रकिशोरांचा जन्म मे १८६३ मध्ये पूर्व बंगालमधील मैमनसिंह जिल्ह्यात मसूया या गावी झाला. आज हा मुलूख बांगलादेशात आहे. जन्मतः त्यांचे नाव कामदारंजन. वडील कालीनाथ राय हे संस्कृत, अरबी आणि फारसी या भाषांचे पंडित. मुलगा पाच वर्षांचा असताना नात्यातले जमीनदार हरिकिशोर रायचौधुरी यांनी त्याला दत्तक घेतले आणि आपल्या नावाशी जुळेल असे उपेंद्रकिशोर हे नाव ठेवले. थोरले बंधू शारदारंजन हे पुढे बंगालमधील क्रिकेटचे आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. एकाच घरातल्या एका भावाने बॅट हाती धरली आणि दुसऱ्याने कुंचला, याची मला गंमत वाटते.

मैमनसिंहच्या शाळेत असतानाच उपेंद्रकिशोरांना चित्रांचा नाद लागला. प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ॲशली ईडन शाळा पाहायला आले असता या मुलाने वहीत त्यांचेच चित्र काढले आणि साहेबांनी ते पाहून चित्रकला सोडू नकोस असे बजावले, अशी एक आख्यायिका सांगतात. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी पुढेही कोठे घेतले नाही. ते कलकत्त्याला गेले, प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि १८८४ साली बी.ए. झाले. हे शेवटचे वाक्य मी वाचले तेव्हा थोडी थांबले. म्हणजे हे आपल्यासारखेच बी.ए.! अभियंता नव्हेत की कलाशाळेचे पदविकाधारकही नव्हेत.

कलकत्त्यात ते ब्राह्मो समाजात गेले. दत्तक घराणे सनातनी, तेव्हा हे घरी रुचणारे नव्हते. द्वारकानाथ गांगुली या सुधारकांची कन्या विधुमुखी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. विधुमुखीची सावत्र आई म्हणजे कादंबिनी गांगुली. आपल्या आनंदीबाई जोशी ज्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याच साली कलकत्त्यात वैद्यकीची पदविका मिळवणाऱ्या त्या कादंबिनी. ज्या घराशी उपेंद्रकिशोरांचे नाते जुळले, तिथे पूर्वी कोणी केले नाही ते करून पाहण्याची जणू सवयच होती.

मुलांसाठी लिहिण्यास त्यांनी विद्यार्थिदशेतच सुरुवात केली होती. १८८३ साली निघालेल्या 'सखा' या मुलांच्या मासिकात ते लिहीत. पुढे त्यांनी बालवाचकांसाठी सोप्या बंगालीत रामायण लिहिले आणि त्यातली चित्रेही स्वतः काढली. इथेच घोडे अडले. आणि उपेंद्रकिशोरांच्या पुढच्या वीस वर्षांच्या खटपटीचे मूळही इथेच आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

त्या काळी पुस्तकात चित्र छापायचे ते बहुधा लाकडी ठशावरून. चित्रकाराने कागदावर चित्र काढायचे. मग कोरक्याने ते गुळगुळीत लाकडावर उलटे उतरवून घ्यायचे आणि जिथे शाई लागायला नको तेवढे लाकूड कोरून टाकायचे. उरलेल्या उंच भागाला शाई लागते आणि कागदावर उमटते. खिळ्यांच्या छपाईचेही तत्त्व हेच असल्यामुळे ठसा खिळ्यांशेजारी बसवून मजकूर आणि चित्र एकदम छापता येत असे. सोय उत्तम, पण कागदावर उमटे ते चित्रकाराचे चित्र नसे, कोरक्याला त्यात जे दिसले ते असे. कुंचल्याने हलकेच दिलेली सावली कोरणीने कशी यावी? तिच्याऐवजी तो आडव्या-उभ्या रेघा ओढी. डोळ्यांच्या कडा जाड होत, बोटे आखूड होत. उपेंद्रकिशोरांच्या रामायणातल्या चित्रांची अशीच दशा झाली आणि ते फार नाराज झाले.

दुसरा कोणी असता तर त्याने कोरका बदलला असता. उपेंद्रकिशोरांनी चित्र आणि कागद यांच्यामधला माणसाचा हातच काढून टाकण्याचा विचार केला.

तसा मार्ग युरोप-अमेरिकेत नुकताच निघाला होता. म्यूनिकच्या माइझेनबाख यांनी १८८२ साली त्याचे एकस्व घेतले. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ज यांनी त्यात भर घातली आणि फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी त्यासाठी लागणारी काचेची जाळी बिनचूक तयार करण्याची रीत बसवली. याच मार्गाचे नाव हाफटोन. दोन काचांवर अत्यंत बारीक समांतर रेघा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा आणि रेघा एकमेकींना काटकोनात येतील अशा त्या काचा चिकटवायच्या. झाली जाळी. हिच्या एका इंचात शंभर-सव्वाशे रेघा सहज असतात. कॅमेऱ्यात फोटोच्या काचेसमोर ही जाळी ठेवून चित्राचा फोटो घेतला, की चित्र ठिपक्याठिपक्यांत उतरते. मग प्रकाशाने घट्ट होणारा लेप दिलेल्या तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर तो फोटो उमटवायचा आणि आम्लाने ठिपक्यांमधली जागा खाऊन टाकायची. ठिपके उंच राहतात, त्यांनाच शाई लागते. मोठे ठिपके दाट बसले की डोळ्याला काळे दिसते आणि बारीक ठिपके विरळ असले की फिकट. माझ्या मैत्रिणीच्या गालावरची सावली ती हीच.

१८९५ च्या सुमारास उपेंद्रकिशोरांनी लंडनच्या पेनरोज कंपनीकडून कॅमेरा, जाळ्या, रसायने आणि या विषयावरची पुस्तके मागवली आणि कलकत्त्यात राहत्या घरी ब्लॉक बनवण्याचा व्यवसाय थाटला. भारतात हाफटोन हाती घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते मोडतात. इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण अशा चरित्रांत ती बहुधा गाळतात. जमीनदारीतला वाटा पाठीशी होता म्हणून त्यांना हे सारे मागवता आले. पुस्तक वाचून कोणीही काहीही शिकू शकतो असे व्याख्यानांतून आपण ऐकतो, पण पुस्तकात लिहिलेला कॅमेरा ज्याच्यासमोर आहे त्याचे वाचन आणि नुसत्या वाचणाऱ्याचे वाचन यांत फरक पडतोच. मात्र पैसा असलेले जमीनदार बंगालमध्ये पुष्कळ होते. त्यातल्या किती जणांनी तो अशा काळोख्या खोलीत आणि आम्लाच्या वासात घालवला?

आता शिक्षणाचे. जवळ शिकवणारा कोणी नाही. पुस्तके इंग्रजीत आणि ती लिहिणारे बहुतेक धंद्यातले अनुभवी कारागीर. त्यांची रीत अशी, की जाळी फोटोच्या काचेपासून इतकी दूर ठेवा, भिंगापुढचे छिद्र इतके ठेवा, साधले नाही तर थोडे इकडेतिकडे सरकवून पाहा. सगळे अंदाजपंचे. मुख्य अडचण होती ती जाळी आणि काच यांच्यातल्या अंतराची. जाळी काचेला अगदी चिकटवली तर नुसत्या जाळीचाच फोटो येतो, ठिपके लहानमोठे होतच नाहीत. फार दूर नेली तर ठिपके विसकटतात. योग्य जागा या दोहोंच्या मध्ये, अगदी थोड्या अंतरात असते. ती अनुभवी माणसाला हाताच्या सवयीने सापडे, पण का सापडली हे तो सांगू शकत नसे.

उपेंद्रकिशोरांना हा का हवा होता. पुस्तकांत तो मिळेना तेव्हा त्यांनी तो स्वतः शोधायला घेतला.

त्यांचे विवेचन वाचताना मी पहिल्या पानावरच अडखळले होते. ते उलगडले ते आजीच्या घरामुळे. आजीच्या कौलारू घरात दुपारी कौलांच्या फटींतून कवडसे पडतात. फटी वाकड्यातिकड्या, पण जमिनीवरचे कवडसे मात्र गोल. २०२० च्या जून महिन्यात सूर्यग्रहण होते, तेव्हा आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना घरात कोंडून ठेवले होते. ढग जरा हटले आणि सारवलेल्या जमिनीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले! तेव्हा आम्ही नुसतेच ओरडलो. आता कळते, की कवडसा फटीचा आकार घेत नाही, तो सूर्याचा आकार घेतो. प्रत्येक फट आपल्या परीने सूर्याचे एकेक चित्र जमिनीवर पाडत असते.

हाफटोनच्या कॅमेऱ्यात तेच घडते. भिंगापुढचे छिद्र म्हणजे तिथला सूर्य, जाळीतली चिमुकली भोके म्हणजे कौलांच्या फटी आणि फोटोची काच म्हणजे आजीची सारवलेली जमीन. प्रत्येक भोकामागे भिंगाच्या छिद्राचा एक कवडसा पडतो. कवडसा मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद असतो. चित्राचा तो भाग उजळ असेल तर कडेचा मंद प्रकाशही काचेवर परिणाम करण्याइतका होतो आणि ठिपका फुगतो. भाग काळोखा असेल तर फक्त मध्यबिंदूच तेवढा उमटतो. एकदा हे मनात बसले, की अंतर अंदाजाने ठरवण्याचे कारण उरत नाही. भोकाची रुंदी आणि जाळीचे काचेपासूनचे अंतर यांचे जे प्रमाण, तेच भिंगापुढच्या छिद्राची रुंदी आणि भिंगाचे काचेपासूनचे अंतर यांचे असले पाहिजे. हे सातवी-आठवीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण! तीन मापे माहीत असतील तर चौथे कागदावर काढता येते.

मला खरे वाटेना म्हणून मी करून पाहिले. बॅटरीच्या काचेवर ट्रेसिंग कागद चिकटवला, त्यावर त्रिकोणी भोक पाडलेला पुठ्ठा बसवला आणि समोर सुईने गोल भोके पाडलेला कागद धरला. काळोखात भिंतीवर त्रिकोण उमटले, आणि तेही उलटे. भोके वीस पाडली होती, त्रिकोणही वीसच! अप्पा ब्रश धूत होते ते तसेच उठून आले.

उपेंद्रकिशोर हिशेबावर थांबले नाहीत. त्यांनी तो प्रयोगांवर घासून पाहिला आणि लेख लिहून लंडनला पाठवला. पेनरोज कंपनी मुद्रणकलेचे एक सचित्र वार्षिक काढीत असे आणि जगभरचे ब्लॉकवाले ते वाचत. त्यात १८९७ साली जाळीची जागा नेमकी कशी ठरवावी यावरचा त्यांचा लेख छापून आला. पुढच्याच वर्षी हाफटोनच्या ठिपक्याच्या उपपत्तीवर दुसरा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तीच उपपत्ती आकृत्या काढून समजावून दिली. १९०१ मध्ये जाळी आपोआप योग्य जागी यावी यासाठी त्यांनी एक यंत्ररचना सुचवली. मग त्यांच्या लक्षात आले, की भोके फार बारीक झाली की प्रकाश सरळ रेषेत न जाता कडेला वळतो आणि समरूप त्रिकोणांचा हिशेब चुकू लागतो. तेव्हा त्यावरही लेख. (हा लेख मला समजला नाही. विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने दोन संध्याकाळ खर्ची घातल्या तेव्हा कुठे अर्धा समजला.) काटकोनाऐवजी साठ अंशांत रेघा छेदणाऱ्या जाळीवर त्यांनी १९०५-०६ च्या अंकात लिहिले आणि भिंगापुढे एकाऐवजी अनेक छिद्रे ठेवण्याच्या पद्धतीवर १९११-१२ च्या अंकात. जी पुस्तके वाचून ते शिकले, तीच पुस्तके काढणाऱ्यांच्या वार्षिकात दहापंधरा वर्षे ते लिहीत राहिले. आणि या सर्व काळात त्यांनी एकदाही समुद्र ओलांडला नाही.

याच सुमारास आपल्याकडेही मुद्रणाचे वारे वाहत होते. राजा रविवर्मा यांचा शिळाछाप छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, तो जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईची अंगे शिकले आणि स्वतःचा छापखाना निघाल्यावर १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. फाळके चित्रपटांमुळे आपल्याला ठाऊक आहेत, पण तेही आधी ब्लॉक आणि छपाईतलेच. उपेंद्रकिशोर आणि फाळके यांना समोरासमोर बसवून बोलते करता आले असते तर किती बहार आली असती, असे मला राहून राहून वाटते.

सिद्धांतावर पोट भरत नाही. उपेंद्रकिशोरांचा धंदा चालला तो ब्लॉक उत्तम निघत म्हणून. रामानंद चटर्जी यांच्या 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांतून अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांच्या शिष्यांची चित्रे रंगीत छापून घरोघरी पोहोचली, त्यात त्यांच्या तिरंगी ब्लॉकांचा मोठा वाटा आहे. पिवळा, तांबडा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन ब्लॉक करून ते एकावर एक बिनचूक छापायचे, केसभर सरकले तरी चित्र बिघडले. ज्या वाचकाने मूळ चित्र जन्मात पाहिले नसते त्याच्या हाती ते मासिकाच्या किमतीत पडू लागले.

आणि मुलांची पुस्तके तर होतीच. त्यांच्यासाठीच हा सारा खटाटोप होता. १९०३ साली पृथ्वीवरच्या नामशेष प्राण्यांवर त्यांनी 'सेकालेर कथा' हे सचित्र पुस्तक लिहिले. १९१० साली टुनटुनी या चिमण्या पक्ष्याच्या आणि कोल्ह्या-वाघांच्या गोष्टींचे 'टुनटुनीर बोई' आले. त्यातला टुनटुनी राजालाही सळो की पळो करून सोडतो. १९१३ च्या वैशाखात त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे बातमीही आणि मिठाईही. (आपल्याकडे अच्युतराव कोल्हटकरांनी याच नावाचे वृत्तपत्र काढले ते १९१५ साली, पण त्यात मिठाईपेक्षा मिरचीच अधिक होती.) मजकूर, चित्रे, पानांची मांडणी, ब्लॉक असे सारे एका घरातून होत असे. रेषेला कोरक्याचा हात लागत नसल्यामुळे चित्रकाराच्या मनातला खोडकरपणा जसाच्या तसा मुलांपर्यंत जाई.

कंपनीचे नाव एव्हाना 'यू. राय अँड सन्स' झाले होते. थोरले चिरंजीव सुकुमार पदार्थविज्ञान आणि रसायन घेऊन पदवीधर झाले आणि १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून मुद्रणाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले, आधी लंडनला आणि मग मँचेस्टरला. वडिलांनी घरात बसून बसवलेल्या पद्धती मुलाने तिथे प्रयोगांनिशी दाखवल्या. बापाला जे पुस्तकांतून आणि चुकांतून मिळवावे लागले, ते मुलगा शाळेत शिकायला गेला आणि उलट तिथल्यांनाच थोडे शिकवून आला! १९१३ मध्ये सुकुमार परतले. गडपार रोडवर उपेंद्रकिशोरांच्या आराखड्याप्रमाणे नवी वास्तू उभी राहिली. पुढे छापखाना आणि मागे घर.

त्या वास्तूचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. त्यांना मधुमेह जडला होता. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सहासात वर्षांचा अवकाश होता. 'संदेश'मध्ये गुपी आणि बाघा यांची गोष्ट छापून झाली त्याच वर्षी, २० डिसेंबर १९१५ रोजी, उपेंद्रकिशोर गेले. वय बावन्न. आठ वर्षांनी सुकुमारही काळ्या आजाराने गेले, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचेही नव्हते. त्यानंतर काही वर्षांतच कंपनी कर्जात बुडाली, घर सुटले. १९४३ साली सत्यजित एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले आणि पुस्तकांची वेष्टने, अक्षरे, जाहिराती करू लागले, तेव्हा आजोबांचा कॅमेरा त्यांच्यापाशी नव्हता. आजोबांना त्यांनी पाहिलेही नव्हते. १९६१ मध्ये त्यांनी बंद पडलेला 'संदेश' पुन्हा सुरू केला.

हे सगळे मी जेवताना अप्पांना थोडे थोडे सांगत असे. कवडशांचा भाग त्यांना फार आवडला. पण सर्व ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, की मग त्या लाकूड कोरणाऱ्यांचे पुढे काय झाले?

हा प्रश्न मला सुचला नव्हता. कलकत्त्याच्या बटतला भागात एकोणिसाव्या शतकात लाकडी ठशांवरून पुस्तके आणि देवादिकांची चित्रे छापणाऱ्यांचा मोठा बाजार होता. त्याला आधी शिळाछापाच्या रंगीत चित्रांनी धक्का दिला आणि मग हाफटोनच्या ब्लॉकांनी. उपेंद्रकिशोरांनी आपले चित्र कोरक्याच्या तावडीतून सोडवले, हे मी मोठ्या आनंदाने वाचले होते. अप्पांनी ती गोष्ट कोरक्याच्या बाजूने ऐकली. त्याला कारण आहे. आमच्या गावात फ्लेक्स आले तेव्हापासून पाट्यांचे काम निम्म्याहून कमी झाले. आता शाळांच्या भिंती, देवळांच्या कमानी आणि ट्रकांवरची अक्षरे एवढेच राहिले आहे. आणि मी कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जिथे वाढदिवसांचे फलक संगणकावर करते, ते दुकान फ्लेक्सचेच आहे. तिथले काम मला कोणी शिकवले नाही. जुनी पुस्तके आणि चुका यांच्यावरच मी ते शिकले, आणि म्हणून तर उपेंद्रकिशोर मला इतके जवळचे वाटले. त्यांच्या गोष्टीत मी आजवर स्वतःला कॅमेऱ्याच्या बाजूला उभे करून पाहत होते. अप्पा कोणत्या बाजूला उभे आहेत हे मी पाहिले नव्हते.

मी त्यांना खरे तेच सांगितले, की काही जण दुसऱ्या कामाला लागले असतील, आणि चित्र कोरकाच बिघडवी असे म्हणणे सर्वस्वी न्यायाचे नाही, कारण कुंचल्याची सावली मागायची आणि हाती कोरणी द्यायची हा दोष कोरक्याचा नव्हे. अप्पा काही बोलले नाहीत.

यंदा अंकाच्या कामासाठी पुन्हा छापखान्यात गेले तेव्हा काकांकडून ते भिंग मी एका रात्रीपुरते मागून आणले. अप्पांनी ते आधी आमच्या दुकानातल्या एका फ्लेक्सच्या तुकड्यावर ठेवले, मग स्वतः रंगवलेल्या एका जुन्या पाटीवर. पाटीवर ठिपके नव्हते, ब्रशाच्या केसांच्या बारीक रेघा होत्या. त्यांनी मलाही दाखवल्या. नंतर ते भिंग घेऊन देव्हाऱ्यापाशी गेले आणि लक्ष्मीची जुनी छापील तसबीर खाली काढून तिच्या हातावर, पदरावर, कमळावर ते सरकवीत बराच वेळ बसून राहिले. आईने ताट वाढल्याचे दोनदा सांगितले.